चौतीस इंचाचा ओटा

आमच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर एक पाट असायचा. जेवायला बसतात तसला साधा लाकडी पाट. कोपऱ्यांना पितळी फुल्या, त्यातल्या दोन कधीच पडून गेलेल्या. मला कळायला लागल्यापासून तो तिथेच होता. मी त्याला असंख्य वेळा ठेचकाळलो, पायाने बाजूला सरकवून फ्रिजकडे गेलो. पण तो तिथे का आहे, हा प्रश्न मला अठ्ठावीस वर्षांत पडला नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. वापरणाऱ्याला कुठे अडतंय ते शोधायचे मला पैसे मिळतात. त्यामुळे पुढची गोष्ट सांगताना जरा लाज वाटते.

घर कर्जतला. स्टेशनवरून नदी ओलांडली की दहिवली, तिथे. बाबांनी १९९६ साली बांधलेलं. ओटा काळ्या कडप्प्याचा, चौतीस इंच उंच. इतक्या वर्षांत त्याचं पॉलिश उडालं होतं, सिंकजवळचा सांधा फुटला होता आणि त्या भेगेत मुंग्यांनी घर केलं होतं. आठवड्यातून दोन दिवस मी ऐरोलीला ऑफिसात जातो, बाकीचे दिवस घरूनच काम. मागच्या वर्षी मे महिन्यात ठरवलं की ओटा आपणच नवा करायचा. गवंडी नको, सुतार नको. व्हिडिओ आहेत की.

कडप्पा फोडायचा तर मागच्या टाइल्स जातात, नळाची लाइन हलते, आठवडाभर स्वयंपाक बंद. त्यापेक्षा आहे त्या दगडावरच नवा थर चढवायचा, ही युक्ती मला फारच हुशारीची वाटली. कडप्प्याला ड्रिलने भोकं पाडून सव्वा इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या कसल्या. त्यावर १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय, ज्यावर ७१० असा शिक्का असतो तो. त्यावर एक मिलिमीटरची सनमायकाची शीट. शीट आठ फूट बाय चार फूट मिळते, ओटा दोन फूट रुंद, म्हणजे एका शीटमध्ये काम होऊन निम्मी उरते.

सनमायका चिकटवायचा रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावतात आणि चक्क सुकू देतात. बोटाला चिकटेनासा झाला की मग शीट टेकवायची. पण एकदा टेकली की ती हलत नाही. वाकडी बसली तर वाकडीच राहते. म्हणून मध्ये काठ्या आडव्या ठेवून त्यावर शीट तरंगत ठेवायची, नीट जुळवायची आणि एकेक काठी काढत मधून कडेकडे दाबत जायचं. दाबायला मी आईचं लाटणं वापरलं. कडा कानशीने घासल्या. सिंकसाठी गोल कापून वरून सिलिकॉन भरलं. तीन रविवार गेले. काम संपलं तेव्हा पांढऱ्या संगमरवरासारखा दिसणारा ओटा ट्यूबलाइटमध्ये असा चमकत होता की मी त्याचे चार फोटो ग्रुपवर टाकले.

आई म्हणाली, "छान झालंय रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यासमोर एकावर एक दोन पाट होते.

"दुसरा कशाला गं?"

"असू दे. जरा बरं पडतं."

सव्वा इंचाची पट्टी आणि पाऊण इंचाचा प्लाय. ओटा छत्तीस इंचांचा झाला होता. आईची उंची चार फूट दहा इंच.

जूनच्या शेवटी, पावसात लाइट गेलेली असताना, ती वरणाचा टोप उतरवून वळली आणि वरचा पाट सरकला. वरण फरशीवर गेलं, अंगावर आलं नाही, एवढंच नशीब. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

त्या सहा आठवड्यांत स्वयंपाक मी केला. आई खुर्चीत बसून सांगायची, मी करायचो. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की मला वाकावं लागत नाही, हात उचलावा लागत नाही, खांदा भरून येत नाही. मी पाच फूट दहा. घरात ज्याने त्या ओट्यावर कधी कुकरसुद्धा लावला नव्हता, नेमका त्याच्याच मापाचा ओटा तयार झाला होता.

मी बाबांना विचारलं, चौतीस इंच कोणी ठरवलं होतं?

"गवंडी म्हणाला चौतीस. मी म्हटलं बरं."

"आईला विचारलं होतं?"

बाबा जरा थांबले. "ती तेव्हा माहेरी होती. तुझ्या वेळचे दिवस होते."

ते गवंडी आता सत्तरीच्या पुढे आहेत, दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांनाही विचारून आलो. ते म्हणाले, "सगळीकडे तेवढाच असतो. आणि खाली सिलिंडर मावायला पाहिजे ना."

रात्री भांडी घासून झाली की मी वाचत बसायचो. ओटा हा प्रकार आला कुठून, त्यावरचं सामान आलं कुठून आणि ते माप आलं कुठून, एवढंच शोधायचं होतं.

मायका नसलेला मायका

सुरुवात मी स्वतः चिकटवलेल्या शीटपासून केली. सनमायका हे मुळात एका ब्रँडचं नाव. फोटोकॉपीला आपण झेरॉक्स म्हणतो, तसं कुठल्याही कंपनीच्या लॅमिनेटला सनमायका म्हणतो. मायका म्हणजे अभ्रक. पण त्या शीटमध्ये अभ्रकाचा कणही नसतो. तो कागद असतो. जाड तपकिरी क्राफ्ट पेपरचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवायचे, वर नक्षी छापलेला एक कागद मेलामाइन रेझिनमध्ये भिजवून ठेवायचा आणि सगळं मिळून गरम प्रेसखाली प्रचंड दाबाने एकजीव करायचं. माझा संगमरवर म्हणजे संगमरवराचा फोटो होता.

मग नावात मायका का? कारण हे सगळं विजेपासून सुरू झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी आणि जनित्रांच्या तारा एकमेकींपासून वेगळ्या ठेवायला अभ्रक लागायचा. तो वीज वाहू देत नाही आणि उष्णतेने जळत नाही. जगाला पातळ पापुद्र्यांचा अभ्रक पुरवण्यात आपला देश सगळ्यांच्या पुढे होता आणि त्याचं मोठं केंद्र होतं आजच्या झारखंडातलं कोडर्मा. अभ्रक महाग होता, त्याला पर्याय हवा होता. लिओ बेकलंडने १९०७ मध्ये बेकेलाइट हे कृत्रिम रेझिन शोधलं होतं. अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीतल्या हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर या दोन इंजिनियरांनी असल्या रेझिनचे थर दाबून अभ्रकाच्या जागी वापरता येईल असा पदार्थ केला. नोकरी सोडून त्यांनी १९१३ मध्ये सिनसिनाटीला स्वतःची कंपनी काढली. इंग्रजीत 'मायकाच्या जागी' याला जे दोन शब्द लागतात, ते जोडून नाव ठेवलं: फॉर्मायका. ते ओट्यावर यायला आणखी पंचवीस वर्षं लागली. १९२७ च्या सुमारास वर रंग आणि नक्षी छापता येऊ लागली, १९३८ मध्ये वरच्या थराला मेलामाइन आलं आणि त्यामुळे डाग, पाणी आणि बऱ्यापैकी उष्णता झेलणारा पृष्ठभाग तयार झाला.

मला यात आमचा भाग दिसला. सिनसिनाटीत हे चाललं होतं त्याच वर्षांत, कर्जतहून लोकलने अर्ध्या तासावर असलेल्या खोपोलीत, टाटांचं जलविद्युत केंद्र उभं राहत होतं. लोणावळ्याच्या बाजूला, घाटमाथ्यावर तळी बांधून पाणी पाइपांतून खाली खोपोलीला सोडायचं आणि तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. खोपोली १९१५ मध्ये सुरू झालं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरी १९२२ मध्ये. त्या काळच्या असल्या जनित्रांच्या गुंडाळ्यांना अभ्रक लागायचाच. म्हणजे मायका आमच्या तालुक्यांत आधी आला तो विजेच्या यंत्रांत, स्वयंपाकघरात नाही. आणि ती वीज गेली मुंबईला. डोक्यावरून तारा जाणाऱ्या कितीतरी वाड्यांवर चूल आणि रॉकेलची चिमणी पुढे कित्येक वर्षं तशीच राहिली.

दगड कुठल्या वाटेने आला

सनमायकाच्या खाली मी जो कडप्पा झाकून टाकला, त्याचं नाव आपण इतक्या सहज घेतो की ते गावाचं नाव आहे हे विसरतो. कडप्पा आंध्रात आहे. तिथला काळा चुनखडी दगड पातळ फाड्यांमध्ये निघतो, म्हणून ओट्याला सोयीचा. आमच्या पुढच्या खोलीची फरशी शहाबादी. शहाबाद हे कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात.

ही दोन्ही गावं नकाशावर शोधली तर एक गंमत दिसते. दोन्ही एकाच रेल्वेमार्गावर आहेत आणि तो मार्ग आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. मुंबई ते ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली. १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत आली आणि तिथे घाटाने अडवली. बोरघाटातला मार्ग बांधायला पुढची सात वर्षं लागली. हजारो मजूर त्या कामावर मेले. कॉलरा, ताप, सुरुंग, दरडी. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालवलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला. मग सोलापूरपर्यंत आधीच पोचलेली लाइन मुंबईला जोडली गेली, ती शहाबादवरून पुढे सरकली आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून येणाऱ्या लाइनला मिळाली. त्या मद्रासच्या लाइनवर कडप्पा.

आज हे दगड ट्रकने येतात. आमच्या ओट्याचा दगडही ट्रकनेच आला होता. पण दूरच्या खाणीतला दगड सामान्य माणसाच्या घरापर्यंत यायला आधी अशी वाट लागते. त्याआधी इथल्या घरात होती शेणाने सारवलेली जमीन आणि मातीची चूल.

ओट्याला दगडच का हवा, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. लॅमिनेटचा ओटा जिथे रुजला, तिथे तो ओल्या फडक्याने पुसतात. आपण ओटा धुतो. रात्री शेवटी त्यावर तांब्याने पाणी ओततो, घासतो आणि हाताने ते सिंककडे लोटतो. सनमायकाची शीट स्वतः पाणी पीत नाही, पण तिच्या खालचं लाकूड पितं, आणि पाणी आत शिरतं ते कापलेल्या कडेतून. सिंकच्या भोकात प्लायची उघडी कड मी रंगवायला हवी होती, ती तशीच ठेवून फक्त वरून सिलिकॉन फिरवलं होतं. कर्जतच्या पावसात काही वाळत नाही. सिंकभोवतीची कड फुगली, शीट सुटली, तिच्याखाली बोट घालता येऊ लागलं. शेगडीच्या शेजारी मी गरम तवा टेकवला होता तिथे तपकिरी चंद्रकोर उमटली. दगडावर आई तीस वर्षं तवा टेकवत आली होती.

बसलेली बाई उभी राहिली

माझी आजी, आईची आई, खालापूर तालुक्यात राहायची. तिच्या घरात दोन स्वयंपाकघरं होती म्हणायला हरकत नाही. मागच्या पडवीत चूल, घरात गॅस. गॅस आल्यावरही भाकरी चुलीवरच व्हायची. ती पाटावर बसायची. एका बाजूला विळी, समोर चूल आणि वैल, हाताशी लाकडं, मागे पाट्या-वरवंट्याची जागा. भाकरीचं पीठ मळताना परात जमिनीवर असायची आणि तिचं सगळं वजन खांद्यातून सरळ खाली तळव्यात जायचं. थापताना तिला फक्त मनगट लागायचं. त्या बैठकीत प्रत्येक गोष्ट तिच्या हाताच्या अंतरावर होती, कारण ती तिनेच मांडली होती. चूलसुद्धा तिनेच घातली होती. चूल केवढी उंच, वैल केवढा रुंद, हे ती स्वतःच्या वितीने मोजायची.

यात रम्य काही नव्हतं. धुराने तिचे डोळे कायम लाल असायचे आणि हिवाळ्यात खोकला जायचा नाही. गुडघे साठीतच गेले. आणि त्या धुरामागे आणखी माणसं होती. कात काढणाऱ्या कातकऱ्यांना आमच्या डोंगरांत पुढे कोळसा पाडायच्या कामाला जुंपलं गेलं. मुंबईच्या चाळींत शेगड्या पेटायच्या, त्यातला बराच कोळसा अशा डोंगरांतून गेला. झाडं इथली, धूर इथला, मजुरी कंत्राटदाराच्या हिशोबाने.

बसलेल्या बाईला उभं केलं ते गॅसने. १९५० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईत सिलिंडरचा गॅस मिळायला लागला. १९६५ मध्ये इंडेनची पहिली जोडणी कोलकात्यात दिली गेली. पुढच्या काही दशकांत तो आमच्यासारख्या तालुक्यांच्या गावी पोचला. या गॅसचा एक गुण ठरवणारा ठरला: तो हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीवर पसरतो. म्हणून शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, हा जोडणी देतानाच सांगितला जाणारा नियम. सिलिंडर जमिनीवर, शेगडी त्याच्या वर, म्हणजे कुठलातरी चौथरा आला, आणि चौथरा आला की बाई उभी राहिली. गवंडीकाका बरोबर बोलले होते. ओट्याची किमान उंची १४.२ किलोच्या सिलिंडरने ठरवली होती. सिलिंडर दोन फुटांहून थोडा जास्त उंच, वर रेग्युलेटर, वर दगडाची जाडी. या बेरजेत आई कुठेच नव्हती.

उभं राहणं ही सुटका होती, हे आईच सांगते. लग्न होऊन आली तेव्हा ओटा असलेलं घर मिळेल याचाच तिला आनंद होता. धूर नाही, दर वेळी उठबस नाही, कोणी आलं तर मान वर करून बोलावं लागत नाही. "उभं राहिलं की माणूस समोरासमोर येतो," असं ती म्हणाली. फक्त ती उभी राहिली ती पाटावर.

माप कोणाचं

जगात हा प्रश्न कोणाला पडला होता का, हे शोधताना दोन बायका सापडल्या.

मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की ही ऑस्ट्रियातली आर्किटेक्ट. १९२६ मध्ये तिने फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं, १.९ मीटर बाय ३.४ मीटर. तशी सुमारे दहा हजार बसवली गेली. आजच्या मॉड्युलर किचनची ही पणजी. एका हालचालीत सगळं हाताशी यावं म्हणून तिने रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर नजरेसमोर ठेवलं होतं. पावलं मोजली, सेकंद मोजले. आणि खिडकीपाशी एक कमी उंचीचं टेबल ठेवलं, स्टुलावर बसून चिरता-निवडता यावं म्हणून. म्हणजे बसून करायचं काम असतं, हे तिने धरलं होतं. तिनेच नंतर सांगितलं की हे सगळं आखलं तोवर तिने कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाक केला नव्हता. पुढे नाझींविरुद्धच्या कामात ती तुरुंगात गेली, सुटली आणि जवळजवळ १०३ वर्षं जगली.

दुसरी लिलियन गिलब्रेथ. मानसशास्त्रातली डॉक्टरेट, कारखान्यांतल्या हालचालींचा अभ्यास करणारी अमेरिकन इंजिनियर, बारा मुलांची आई. नवरा १९२४ मध्ये गेल्यावर कारखानदार बाईला काम देईनात, तेव्हा ती स्वयंपाकघराकडे वळली. १९२९ मध्ये ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी तिने एक आदर्श स्वयंपाकघर मांडून दाखवलं. तिचं म्हणणं असं होतं की ओट्याची उंची त्या घरातल्या बाईच्या उंचीवरून ठरवा. ते कारखान्यांना परवडणारं नव्हतं. कपाटं एकाच मापाची निघाली तर स्वस्त पडतात. अमेरिकन बाजाराने छत्तीस इंच हे एकच माप पक्कं केलं. मी पाहिलेले सगळे व्हिडिओ तिथलेच होते, म्हणून दोन इंच वाढल्याचं मला काही वाटलं नव्हतं. छत्तीस म्हणजे तर स्टँडर्ड.

तेच स्टँडर्ड आता आमच्याकडे डोंगर उतरून आलंय. कर्जत-खालापुरात फार्महाउस आणि सेकंड होमची रांग लागली आहे. प्रत्येकात मॉड्युलर किचन, खालपासून वरपर्यंत लॅमिनेट. मालक शनिवारी येतात. स्वयंपाक करायला आसपासच्या वाड्यांतल्या बायका जातात. माझी एक मावशी चौकच्या बाजूला अशा एका बंगल्यावर जाते. तिला मी आईच्या पाटाचं सांगितलं तर ती हसायलाच लागली. तिने तिथे अंगणातला एक पेव्हर ब्लॉक आणून ठेवलाय. "मी विटेवरच उभी असते बाबा. अठ्ठावीस युगं नाही, पण अठ्ठावीस भाकऱ्या होईस्तोवर." काम झालं की ब्लॉक उचलून बाहेर ठेवते, मालकीणबाईंना फरशीवर तो आवडत नाही.

या सगळ्यात मला आईच्या मांडणीवरचं एक पुस्तक आठवलं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं आणि घराघरात गेलं. त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यातली मापं वाटी-चमच्याची होती. ग्रॅम नाहीत, घरात तराजू असेल असं धरलेलं नाही. करणारीच्या हातात जे आहे, तेच माप. उंचीच्या बाबतीत असं पुस्तक कोणी गवंड्यांसाठी लिहिलं नाही. पण माप तिथेही शरीरातच असतं. सरळ उभं राहायचं, हात काटकोनात वाकवायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजायचं. चिरायला आणि लाटायला ओटा त्याच्या तीन-चार इंच खाली. शेगडीचा ओटा आणखी खाली, कारण शेगडीची आणि टोपाची उंची वर चढते. सिंकचा मात्र थोडा उंच चालतो, कारण हात सिंकच्या तळाशी जातात.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात मी टेप घेऊन आईसमोर उभा राहिलो. कोपर साडेछत्तीस इंचांवर. मी बसवलेला ओटा तिच्या कोपराच्या अर्धा इंच खाली होता. त्यावर शेगडी, त्यावर टोप, म्हणजे उकळत्या वरणाचा काठ तिच्या खांद्याशी यायचा. हे मोजायला मला दोन मिनिटं लागली. ही दोन मिनिटं १९९६ मध्ये बाबांना मिळाली नाहीत आणि मे महिन्यात मला.

आता

गणपतीनंतर सगळं उखडलं. यावेळी गवंडीकाकांच्या मुलाला बोलावलं आणि आईला शेजारी उभं केलं. सिंककडचा भाग चौतीसवरच ठेवला, सिलिंडर त्याच्या खाली गेला. शेगडीकडचा पाच फुटांचा भाग तोडून तीस इंचांवर आणला. लाटायला बत्तीस बरं पडलं असतं आणि शेगडीला अठ्ठावीस, पण तीन पायऱ्यांचा ओटा पुसायचा कोणी, असं आई म्हणाली, म्हणून मधलं माप. वर पुन्हा कडप्पाच. मुलगा म्हणाला, "एवढा खाली? लोक काय म्हणतील?" आई म्हणाली, "लोक येणारेत का भाकऱ्या थापायला?"

आता मी स्वयंपाक करतो तेव्हा मला वाकावं लागतं. आठवड्यातले तीन दिवस मी करतो, ते प्लास्टरनंतर सुटलं नाही. पाठ भरून येते. तक्रार करायची सोय नाही.

सनमायका चढवलेल्या प्लायचा कोरडा राहिलेला तुकडा चांगला निघाला. त्याला पाय लावून मी टेबल केलं. लिहायला, लॅपटॉपला तो उत्तम आहे. कागदच तो शेवटी.

दिवाळीच्या आवराआवरीत जुना पाट हाताला लागला. घासून पुसून मी आईला म्हटलं, लक्ष्मीपूजनाला हाच मांडू या. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी अजून काहीच शिकलो नाही.

"पायाखालचा पाट देवाला चालतो होय?"

पाट उलटून पाहिला. वरच्या बाजूला, बरोबर मध्ये, दोन पावलांच्या जागी लाकूड झिजून जरा खोलगट झालेलं आहे. तो आता पडवीत असतो. आई संध्याकाळी त्यावर बसून भाजी निवडते.